अंदमानचा बेत परतीच्या विमानापासून उलटा आखा

आमच्या पहिल्या अंदमान सहलीचा तक्ता कागदावर फार देखणा होता. पाच रात्री, चार बेटं, शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. त्या सकाळी सहालाच बॅगा घेऊन जेट्टीवर हजर झालो, तर गेटवरच्या माणसाने हात हलवला, "आज कुछ नहीं जाएगा. बाहर हवा है." आभाळ निळंशार, ऊन पडलेलं, पावसाचा थेंब नाही. पण खुल्या समुद्रात वारा होता. विमान आम्हाला सोडून गेलं. चेन्नई–मुंबईचं तिकीट वेगळं काढलं होतं, तेही बुडालं. चार माणसांची तिकिटं पुन्हा काढताना जो आकडा झाला तो इथे लिहीत नाही, घरात तो विषय अजून निघतो.

दुसऱ्या खेपेला बेत उलटीकडून आखला. आधी परतीचं विमान, मग त्याच्या आदली रात्र, मग बोटी आणि सगळ्यात शेवटी बेटं. पुढचं सगळं त्या दोन सहलींतून शिकलेलं आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर, हॉटेलांच्या पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी-नवी नावं सरमिसळ असतात. बुकिंग करताना दोन्ही नावांनी शोधा. इथे मी तोंडात बसलेली जुनीच वापरतो.

महिना कोणता?

"मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी बहुतेक वर्षी मे महिन्याच्या मध्याला किंवा उत्तरार्धात आपल्याकडे पहिल्या पानावर येते. घामाने चिंब झालेले आपण ती वाचून सुखावतो. तीच बातमी अंदमानातल्या हॉटेलच्या खोलीत बसून वाचायची वेळ आली तर मात्र सहल आटोपली समजायचं. त्यामुळे मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जायचं तर परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलमध्येच उरका. ऊन कडक असतं, पण समुद्र बऱ्याचदा काचेसारखा शांत असतो आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं.

दिवाळीची सुट्टी फसवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि दोन-दोन दिवस बोटी बंद राहू शकतात. जायला हरकत नाही, पण एक दिवस जास्तीचा हातात ठेवा. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा. त्यातही नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा, दर आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि अमावास्या बघा. हे कुठल्याही पॅकेजवाल्याने मला सांगितलं नव्हतं. कारण दोन आहेत.

पहिलं कारण ओहोटी. नील बेटावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला एक नैसर्गिक खडकाची कमान आहे. तिथवर चालत जायचं तर पाणी हटलेलं हवं. पाणी हटलं की खडकांच्या खळग्यांमध्ये अडकलेले छोटे मासे, समुद्रकाकड्या, तारामासे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही छोट्या, पाणी फारसं हलतच नाही. दुसरं कारण अंधार. हॅवलॉकला रात्री कायाकमधून खारफुटीत नेतात. वल्हं मारलं की पाण्यात निळसर ठिणग्या उडतात, सूक्ष्मजीवांचा प्रकाश तो. डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र असेल तर यातलं काही दिसत नाही. म्हणजे अमावास्या धरली तर दोन्ही साधतं.

कोकणातले वाचक लगेच तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला बसतील. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे घड्याळाची वेळ जुळत नाही. वेळ हॉटेलवाल्याला किंवा बोटवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारायची आणि लक्षात ठेवायचं, की ती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

विमान आणि शेवटची रात्र

मुंबई-पुण्याहून बहुतेकांना चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढे दोन-सव्वादोन तास. नियम एकच, घरापासून पोर्ट ब्लेअरपर्यंतचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर. मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. दोन वेगळी तिकिटं काढून वाचवलेले हजार-दोन हजार आम्ही कसे परत केले ते वर सांगितलंच.

आणि परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये. याला अपवाद नाही. "सकाळची बोट आठला पोचते, विमान बाराचं आहे" असं कुणी समजावलं तरी नाही. दुपारच्या नाही, आदल्या दिवशी सकाळच्या बोटीने परत या. बोट रद्द झाली तर दुपारची मिळेल, तीही रद्द झाली तर निदान संध्याकाळ हाताशी राहील. स्कूबा करणार असाल तर या रात्रीचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे येतोच.

सहा रात्री मिळत असतील तर वाटणी अशी: पहिली पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, दोन नील, शेवटची पोर्ट ब्लेअर. सातवी मिळाली तर हॅवलॉकला द्या. पाचच असतील तर नील सोडा आणि हॅवलॉकला तीन रात्री राहा. लोक उलट करतात, नीलला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. मग त्या बेटाचं जेट्टी, टॅक्सी, तीन फोटो आणि पुन्हा जेट्टी एवढंच होतं. नील हे दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी सायकल काढायचं बेट आहे.

उत्तरेला दिगलीपूरला रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटं आहेत (हे रॉस वेगळं, पोर्ट ब्लेअरजवळचं नव्हे), फार सुंदर. पण तिथवरचा रस्ता दिवसभराचा. दहा दिवस असतील तरच विचार करा.

या नेहमीच्या बेटांवर जायला भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र प्रत्येक जेट्टीवर दाखवावं लागतं. मुलांचं आधार कार्डही सोबत हवं. अमेरिकेहून आलेले दीर-नणंदा परदेशी पासपोर्टवर असतील तर त्यांचे नियम निराळे आहेत, ते तिकीट काढण्याआधी तपासा. निकोबारच्या बहुतेक बेटांवर पर्यटक म्हणून जाता येत नाही.

बोटी

दोन प्रकार. खासगी बोटी म्हणजे मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. वातानुकूलित, विमानासारख्या खुर्च्या, हॅवलॉकला दीड-दोन तासांत. सरकारी बोट अडीच तासांच्या घरात, तिकीट कितीतरी स्वस्त, पण जागा लवकर भरतात आणि स्थानिकांना त्यांची गरज आपल्यापेक्षा जास्त असते. सरकारी बोटीचा खरा आनंद डेक. कठड्याला टेकून उभं राहावं, समोरून उडणारे मासे पाण्यावरून सूर मारत जातात. जाताना खासगी, येताना सरकारी असं आम्ही केलं आणि मुलीच्या आठवणीत सरकारीच राहिली.

खासगी बोटीचं तिकीट विमानाच्या पाठोपाठ काढा, हॉटेलच्याही आधी. हॉटेल दुसरं मिळेल, सकाळच्या बोटीवर चार जागा एकत्र मिळणार नाहीत. सकाळचीच घ्या, कारण वारा बहुधा दुपारनंतर वाढतो. तिकिटावर कुठली जेट्टी आहे ते वाचा: शहरात सरकारी बोटींची फिनिक्स बे आणि खासगी बोटींची हॅडो, दोन्ही वेगळ्या. सुटण्याच्या तासभर आधी पोचा, सामान विमानतळासारखं तपासतात.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागणारच. गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, विशेषतः लहान मुलं आणि रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांसाठी. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागे बसा. पुढच्या खुर्च्या खिडकीमुळे छान दिसतात, पण बोट सगळ्यात जास्त तिथेच आपटते. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि छोले-भटुरे खाऊनही जाऊ नका. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघा.

दिवस पाचला उजाडतो

अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईपेक्षा तासभर आधी! पहिल्या सहलीत आम्ही जेवून, वामकुक्षी करून, चहा घेऊन साडेचारला राधानगरकडे निघालो आणि पोचलो तेव्हा जीवरक्षक शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत होते.

तेव्हा झोपेचं वेळापत्रक बदला. पाचला उठा, साडेपाचला किनाऱ्यावर. हॅवलॉकचा काला पत्थर पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्योदय तिथे. राधानगर पश्चिमेला, सूर्यास्त तिथे, पण तीनलाच पोचा. नीलला सूर्योदय सीतापूर, सूर्यास्त लक्ष्मणपूर. राधानगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर ही नावं ऐकून पंचवटीत आल्यासारखं वाटतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर वसवलं, या त्यांच्या वस्त्या. म्हणूनच इथल्या खानावळीत मोहरीच्या तेलाचा वास येतो आणि मासळीचं कालवण बंगाली वळणाचं असतं. शाकाहारींचे हाल होत नाहीत, नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो. हिंदी सगळीकडे चालते.

हॅवलॉकवर स्कूटर भाड्याने घ्या, परवाना आणि हेल्मेट असेल तर. आई-बाबा सोबत असतील तर दिवसाची टॅक्सी ठरवा. नीलला सायकल पुरते.

पाण्यात उतरताना

एका गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते स्कूबावर करा. पोहता येत नसलं तरी चालतं. शिकाऊ लोकांना प्रशिक्षक मागून धरूनच नेतो, तेही १२ मीटरच्या आत. आधी उथळ पाण्यात सराव होतो: तोंडाने श्वास, खुणांची भाषा आणि कानातला दाब सोडवणं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान दुखायची वाट बघायची नाही. दर दोन-चार फुटांवर करत राहायचं. माझी बायको पोहू शकत नाही. ती पहिल्या पाच मिनिटांत दोनदा वर आली, तिसऱ्यांदा खाली गेली ती चाळीस मिनिटांनी हातवारे करत परतली. नारिंगी पट्ट्यांचा मासा तिच्याकडे रोखून बघत होता म्हणे.

दम्याचा, हृदयाचा, कानाचा किंवा सायनसचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा. साधी सर्दी असली तरी उतरू नका. मुलांसाठी साधारण दहा वर्षांची अट असते. आणि महत्त्वाचं: स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नाही. शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. चोवीस तासांचं अंतर ठेवा. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या पूर्ण दिवशी. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढण्याचा दुसरा फायदा तो हाच.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग चांगलं. बोटीने जाता येतं, नाहीतर राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून पायवाटेने. पाऊस पडून गेला असेल तर चिखल घोट्यापर्यंत. डोक्यावर हेल्मेट घालून समुद्रतळावर चालण्याचा प्रकारही तिथे विकतात. आम्ही केला, पुन्हा करणार नाही. प्रवाळावर उभं राहू नका, ते दगड नसून जिवंत प्राणी आहेत, शिवाय पाय कापतो तो निराळाच.

या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. घाबरून जायचं कारण नाही, पण पाटी लावलेली असेल तिथे, खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही. वाळूतल्या बारीक माशा चावतात आणि आठवडाभर खाज सुटते. ओल्या वाळूत थेट बसू नका, चटई न्या.

पोर्ट ब्लेअरची संध्याकाळ

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघा, विमानातून उतरून जेवल्यावर लगेच. शेवटच्या दिवसासाठी ठेवलं तर थकून, खरेदीच्या पिशव्या सांभाळत बघितलं जातं. आपल्याकडचे बहुतेक लोक एका कोठडीसाठी येतात, तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या. तात्याराव सावरकर १९११ मध्ये इथे आले, १९२१ पर्यंत होते. दार वाकून बघा, कडी भिंतीतल्या खोबणीत इतकी लांब आहे की आतून हात पोचू नये. मग व्हरांड्यात उभं राहून समोर बघा. तुम्हाला पुढच्या इमारतीची पाठच दिसते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे सात पंख मधल्या मनोऱ्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघत आणि प्रत्येकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे असे. कैद्याला समोर माणूस दिसूच नये ही योजना. बाबाराव त्याच तुरुंगात असून भावाभावांची भेट कितीतरी काळ झाली नाही, ती कशी हे त्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर नकाशाशिवाय कळतं. सातांपैकी तीन पंख आज उभे आहेत. अंगणातल्या छपराखाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं काम होतं. आमच्या मुलीने तो दांडा ढकलून बघण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला.

संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाच्या जागा मर्यादित असतात, तिकीट आधी काढा. हिंदी खेळ कुठला ते बघून घ्या.

परतीच्या आदल्या दुपारी रॉस बेट. अबर्डीन जेट्टीवरून बोट जाते. इंग्रजांचं मुख्यालय होतं, आता चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी मिठी मारली आहे आणि हरणं हिंडतात. काही ठिकाणांना आठवड्याची सुट्टी असते, ती विचारून दिवस ठरवा. जॉली बॉय बेटावर जायचं असेल तर परवाना लागतो आणि प्लास्टिक नेता येत नाही, बिस्किटाचं वेष्टनसुद्धा.

बारातांग बेटाबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला पहाटे तीन-चारला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, मग पोलिसांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, हे सगळं बरोबरच आहे. पण ताफ्यातले निम्मे लोक गुहांसाठी नाही, काचेला नाक लावून "दिसतायत का" बघायला आलेले असतात. एखाद्याच्या अंगणातून रोज शेकडो गाड्या जाव्यात, त्यातली एक आपली असावी असं आम्हाला वाटलं नाही. खारफुटीच्या बोगद्यातून जाणारी बोट सुंदर आहे असं जाऊन आलेले सांगतात. आम्ही तो दिवस नीलला दिला.

बारीकसारीक

रोख पैसे पोर्ट ब्लेअरला काढून घ्या, नीलवर एटीएमच्या भरवशावर राहू नका. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं, तरी बोटीवर रेंज जाते, म्हणून तिकिटांच्या छापील प्रती ठेवा. नेहमीची औषधं चार दिवस जास्तीची. मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे. रबरी तळाचे पाण्यातले बूट, टोपी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. साबुदाण्याची खिचडी करायला सामान नेणारेही भेटले, त्यांची वद्य एकादशी होती, म्हणजे अमावास्याही जवळच होती.

शेवटचं काम निघायच्या आदल्या रात्री करा: पोरांचे खिसे तपासा. किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे घरी नेता येत नाहीत, विमानतळावर यंत्रात दिसतात आणि बॅग उघडायला लावतात. दुकानातून घेतलं असेल तर बिल हाताशी ठेवा. आमच्या मुलीने नीलहून एक गोगलगाईच्या आकाराचा, तपकिरी ठिपक्यांचा शंख गुपचूप आणला होता. रात्री तिने तो उशीशेजारच्या टेबलावर ठेवला. सकाळी तो टेबलावर नव्हता, बाथरूमच्या उंबऱ्याशी होता. आम्ही वाकून बघत असताना त्यातून दोन डोळे आणि एक नांगी बाहेर आली आणि तो स्वारीसकट दाराकडे चालू लागला. विमान बाराचं होतं, म्हणून रिक्षा करून त्याला कॉर्बिन्स कोव्हच्या वाळूवर सोडून यायला वेळ मिळाला.